आक्काचे पहिले दहा सेकंद

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही जरा भिंत सोडा, ती आपली आपण उभी राहील. ही गोष्ट कानांची आहे, लांबून ऐकण्यात राम नाही. आज तुम्हाला अशा एका सरळमार्गी माणसाची कथा सांगतो, जो जन्मात कोणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता, आणि तरीही ज्याच्या नावापुढे संस्थेच्या नोंदवहीत 'कार्यालयीन वायर मांडीवर घेऊन बसणे' असा गुन्हा लिहिला गेला.

त्याला सगळे 'दोनदा' म्हणत. कारण उघड आहे. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचा, पत्र टाकलं की पेटीच्या फटीत दोनदा डोकवायचा, खिशात पेनं दोन, पिशवीत छत्र्या दोन. बायको म्हणायची, "अहो, लग्न तेवढं एकदाच केलंत, ते कसं काय?" यावर तो गंभीरपणे म्हणे, "एकदा केलं ते नीट तपासून केलं."

आता यात हसण्यासारखं काही नाही. देवाने तुम्हाआम्हाला दोन डोळे दिले, दोन कान दिले, दोन मूत्रपिंडं दिली. का दिली? एक बिघडलं तर दुसऱ्यावर निभावावं म्हणून. हृदय मात्र एकच दिलं. तिथे बहुतेक वरची मंजुरी वेळेत आली नसावी.

तर हा आपला दोनदा, ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी बोलती पुस्तकं ठेवणाऱ्या एका ग्रंथालयात ध्वनिमुद्रणांचा सांभाळदार होता. चांगल्या आवाजाची माणसं तिथे येऊन पुस्तकं वाचत, ती मुद्रित होत, आणि ऐकणारे घरबसल्या फोन लावून ऐकत. या वाचणाऱ्यांत सर्वांत मोठी होती दोनदाची सख्खी थोरली बहीण, आक्का. तीस वर्षं ती दर सोमवारी, बुधवारी यायची. तीनशे बारा पुस्तकं वाचून झाली आणि तीनशे तेराव्याच्या आधी ती देवाघरी गेली. आता आक्का म्हणजे जिन्याखालच्या खोलीत, एका करड्या सर्व्हरच्या पोटात असलेला आवाज. फोटो घरात होते. आवाज फक्त तिथे होता.

आणि एका मंगळवारी त्या सर्व्हरमधून, कोणी फरशीवर खुर्ची ओढावी तसा आवाज येऊ लागला.

दोनदाची मेहुणी एका मोठ्या इस्पितळातले सर्व्हर सांभाळायची. त्याने तिला फोन लावला आणि फोन यंत्राला चिकटवून धरला. तिने अर्धा मिनिट ऐकलं.

"भावोजी, याचे दिवस भरत आलेत."

"म्हणजे किती?"

"ते मी नाही सांगू शकत. पण आजच दुसरं यंत्र आणायला लागा. तुम्हाला तर सांगायलाच नको, दुसऱ्याचं महत्त्व."

दोनदाने अर्ज केला. खरेदी समितीचा फॉर्म साधा होता. पहिला प्रश्न: 'अशी वस्तू संस्थेकडे आधीच आहे काय?' त्याने प्रामाणिकपणे 'आहे' लिहिलं. दुसरा: 'ती चालू आहे काय?' त्याने 'आहे' लिहिलं. अर्ज परत आला, 'मग दुसरी कशाला?' त्याने फॉर्म पुन्हा भरला, 'चालू आहे, पण बंद पडेल.' उत्तर आलं, 'बंद पडल्यावर अर्ज करावा.' तो समितीच्या कारकुनासमोर जाऊन उभा राहिला.

"बंद पडल्यावर आतलं सगळं जाईल हो."

"मग आतलं गेल्यावर यंत्राचा उपयोग काय? मंजुरी मिळणार नाही," कारकून म्हणाला, आणि वर दयाळूपणे पुस्ती जोडली, "जिवंत असताना कोणी मरणाचा दाखला मागतं का, तुम्हीच सांगा."

दोनदा घरी आला, जेवला नाही, फॉर्मच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचत बसला, आणि तिथे त्याला वाट सापडली. सुट्या भागांना कारण लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज दिला, 'सर्व्हरचा सुटा भाग, नग एक. भागाचे नाव: सर्व्हर.' तीन दिवसांत मंजूर. समितीवर तुम्ही रागावू नका. त्या बिचाऱ्यांनी रकाने पाहिले, रकाने भरलेले होते.

आता प्रश्न होता नक्कल करायची कशी. मेहुणी रविवारी घरी आली, आणि बातमी जिन्यावरून गेल्यामुळे दोघे शेजारीही आले. एक नळदुरुस्तीवाले, आणि एक वरच्या मजल्यावरचे डॉक्टर, ज्यांच्याकडे पेशंटपेक्षा मतं जास्त.

"हे बघा भावोजी," मेहुणी म्हणाली, "नुसत्या फायली उचलून तिकडे टाकायच्या नाहीत. अख्खी फाइल सिस्टीम न्यायची. कपाट, कपाटातले खण, कोणती फाइल कुठल्या खणात, तिच्यावरची तारीख, सगळं जसंच्या तसं. त्याच्या वाटा तीन. पहिली, रोज संध्याकाळी एकदा नक्कल. साधी आहे, पण दिवसभरात इकडे काही झालं तर तेवढा दिवस गेला. दुसरी, दोन्ही यंत्रं सतत जोडलेली. इकडे बदललं की तिकडे बदलतं, तिकडे बदललं की इकडे. शेवटी ज्याने हात लावला त्याचं खरं."

"आणि पुसलं तर?"

"तेही दोन्हीकडे पुसलं जातं. यंत्र फार आज्ञाधारक असतं, चूकसुद्धा मन लावून पोचवतं. तिसरी वाट माझ्या पसंतीची. फक्त इकडून तिकडे जायचं, तिकडून इकडे काही यायचं नाही, आणि तिकडे प्रत्येक दिवसाची प्रत तारखेसकट शिल्लक ठेवायची. आज बिघडलं तर कालची काढा."

नळवाले मान हलवत होते. "हे आमच्यातलंच आहे की. गच्चीवर दोन टाक्या, मध्ये पाइप. एकीत उंदीर मेला की दोन्हींचं पाणी बाद. म्हणून मध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह टाकायचा. पाणी जातं, परत येत नाही."

"पण दोन्ही यंत्रं एका घरात ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. "एकाला झालं की दुसऱ्याला होणारच."

"काय होणार?" दोनदाने विचारलं.

"जे होईल ते," डॉक्टर म्हणाले. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी त्यांनी याहून अचूक निदान दुसऱ्या कोणाचं केलं नव्हतं.

दोनदाला तिसरी वाट पटली. पण दुसरं यंत्र दुसऱ्या घरात, म्हणजे शहराच्या पलीकडच्या शाखेत जाणार होतं, आणि शाखेवर होते शिक्केसाहेब. नाव अर्थातच वेगळं होतं. पण आलेल्या प्रत्येक कागदावर, आणि एकदा चुकून स्वतःच्या डब्याच्या झाकणावर, त्यांनी शिक्का मारलेला असल्यामुळे खरं नाव लोक विसरले होते. माणूस वाईट नव्हता. नियमावर त्यांची भक्ती होती, आणि भक्ती कुठेही असली तरी तिची टिंगल करू नये. फक्त तिच्या वाटेतून जरा बाजूला व्हावं.

समितीच्या बैठकीत शिक्केसाहेबांनी एकच मुद्दा मांडला. "माझ्या शाखेतलं यंत्र फक्त घेणार आणि देणार काहीच नाही, असं का? आम्ही दुय्यम आहोत?"

"साहेब, तो यंत्राचा मान नाही, पाण्याचा व्हॉल्व्ह आहे," दोनदा म्हणाला.

"पाणी कुठून आलं मध्येच?"

दोनदाने टाक्या समजावून सांगितल्या. उंदरापर्यंत पोचला तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे ग्रंथालयाच्या संचालकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. ठराव झाला: दोन्ही यंत्रांना समान वागणूक, म्हणजे दुसरी वाट. तारीखवार प्रती ठेवण्याची सूचना 'जुन्या प्रती म्हणजे अडगळ' असा शेरा मारून बाद. दोनदाने इतिवृत्तात आपला विरोध नोंदवायला सांगितला. त्यांनी नोंदवला. त्याने तो दोनदा वाचून खात्री केली.

यंत्रं जोडली गेली. तीन दिवसांत सगळी पुस्तकं शाखेत पोचली, आणि चौथ्या दिवशी जुनं यंत्र खुर्च्या ओढायचं थांबलं, जणू त्याला सोबत मिळाली. दोनदाला त्या आठवड्यात झोप लागली. माणसाला इतकी झोप लागली की समजावं, कुठेतरी कोणीतरी जागं आहे.

जागे होते शिक्केसाहेब.

नियम जुना आहे, तुम्हालाही ठाऊक असेल. एका कचेरीतल्या कागदाची नक्कल दुसऱ्या कचेरीत गेली की तिच्यावर अधिकाऱ्याने 'सत्यप्रत' म्हणून सही-शिक्का द्यावा लागतो, नाहीतर ती नक्कल नक्कल धरली जात नाही. शिक्केसाहेबांच्या शाखेत तर पुस्तकांच्या हजारो नकला येऊन पडल्या होत्या, एकीवरही शिक्का नाही. दुसरा कोणी असता तर मुकाट बसला असता. पण शिक्केसाहेबांनी विचार केला: वस्तू आवाजाची आहे, तर शिक्काही आवाजाचाच हवा. त्यांनी एक ध्वनिमुद्रण यंत्र मागवलं, घसा साफ केला, आणि एकेक फाइल उघडून तिच्या सुरुवातीला मुद्रित करू लागले: 'ही सत्यप्रत असून, मी ती मुळाबरहुकूम तपासली आहे.' कागदावर शिक्का कोपऱ्यात उमटतो, मजकूर खाली दिसत राहतो. आवाजाला कोपरा नसतो. त्यांचे दहा सेकंद फाइलच्या पहिल्या दहा सेकंदांवर बसले, आणि खाली काही उरलं नाही.

आणि यंत्र आज्ञाधारक. मिनिटाभरात ते दहा सेकंद इकडच्या मूळ फाइलवरही येऊन बसत होते.

पुढची कमाल अशी, की आता इकडे शाखेतून 'बदललेली प्रत' आली अशी नोंद उठू लागली. मुख्य कचेरीच्या टपाल विभागाने ती नियमाप्रमाणे दोनदाच्या टेबलावर पाठवली, 'आपल्याकडे आलेली प्रत मुळाबरहुकूम असल्याबद्दल सत्यप्रत करावी.' म्हणजे मुळाची प्रत, तिची सत्यप्रत, ती मुळाच्या जागी, आणि आता मुळानेच सिद्ध करायचं की आपण आपल्यासारखे आहोत. दोनदाने कागद टपालाची चूक समजून बाजूला ठेवला. इथे त्याचा हात चुकला. हा एकच कागद त्याने एकदाच वाचला.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. ब्रशवाल्या बाई होत्या. त्या जन्मापासून पाहू शकत नव्हत्या. घरी बसून ब्रशांचे केस बांधायच्या, आणि हात चालू असताना आक्का ऐकायच्या. वीस वर्षं.

"काय हो," त्या म्हणाल्या, "आक्कांच्या आधी हा कोण बाप्या बोलतो?"

"कोण बाप्या?"

"मी तपासली आहे, मी तपासली आहे, म्हणतो. काय तपासलीस रे बाबा, म्हटलं. आणि आक्का एकदम पहिल्या ओळीवर. बसायला सांगितलं नाही, काही नाही. मी केसांचा गुच्छ हातात धरून तशीच बसले."

दोनदाने फाइल उघडून ऐकली. मग दुसरी ऐकली. मग शाखेत फोन केला. शिक्केसाहेब समाधानाने म्हणाले, "दोनशे चौदा झाल्या. अनुक्रमानेच घेतोय. काल संध्याकाळी तुमच्या भगिनींच्या फायली सुरू केल्या. तीन झाल्या, चौथी आत्ता उघडतोय."

दोनदा ठेंगणा, पोट सुटलेला, गुडघ्यांनी बेजार माणूस. तो त्या दिवशी जिना कसा उतरला हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. जिन्याखालच्या खोलीत जाऊन त्याने शाखेकडची जोडणी जिच्यातून जायची ती वायर यंत्रातून हिसका देऊन काढली. मग क्षणभर विचार केला आणि तिचं भिंतीतलं दुसरं टोकही काढलं. वायरची गुंडाळी केली, खोलीच्या दारात खुर्ची मांडली, गुंडाळी मांडीवर घेतली आणि बसला.

इकडच्या यंत्राला वाटलं तिकडचं गेलं. तिकडच्याला वाटलं इकडचं. दोघंही आपापल्या जागी एकट्याने कर्तेपणाने घर चालवू लागली. दोनदाला त्याचं काही वाटलं नाही. बहीण गेली तेव्हा त्यानेही तेच केलं होतं.

अकरा वाजता लेखी हुकूम आला: 'वायर तात्काळ जोडावी.' त्याने खाली लिहिलं, 'वाचला. जोडणार नाही.' साडेबाराला दुसरा: 'वायर ही संस्थेची मालमत्ता आहे.' त्याने लिहिलं, 'म्हणूनच सांभाळतो आहे.' दोन वाजता पहारेकऱ्याने येऊन नोंदवहीत तो मघाशी सांगितलेला गुन्हा लिहिला आणि सहीसाठी वही पुढे केली. दोनदाने 'मांडीवर' या शब्दाला हरकत घेतली. खरं तर वायर आता काखेत होती. पण पहारेकरी खाडाखोड करायला तयार नव्हता. संध्याकाळी बायको डबा घेऊन आली आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसली.

"किती दिवस बसणार आहात?"

"शिक्केसाहेब आक्काला हात लावायचं सोडेपर्यंत."

"मग उद्यापासून डबे दोन आणते," ती म्हणाली.

शुक्रवारी संचालकबाईंच्या खोलीत चौकशी बसली. एका बाजूला शिक्केसाहेब, फायलींची यादी घेऊन. दुसऱ्या बाजूला दोनदा, वायर घेऊन. मेहुणी रात्रभर खटपट करून आली होती. तिने सरळ सांगितलं: बाकीच्या वाचणाऱ्यांचे आरंभ गेलेच, आक्काचे ते तीनही परत मिळणार नाहीत. तारीखवार प्रती ठेवल्या असत्या तर मिळाले असते. जुन्या टेपा केव्हाच भंगारात गेल्या होत्या. ऐकणाऱ्यांच्या वतीने ब्रशवाल्या बाई आल्या होत्या, रिक्षातून एकट्या, आणि खुर्चीच्या कडेवर ताठ बसल्या होत्या.

शिक्केसाहेब शांतपणे म्हणाले, "मी प्रत्येक फाइल ऐकली आहे. पहिल्या दहा सेकंदांत पुस्तक नाहीच. खोकला आहे, खुर्चीचा आवाज आहे, किरकोळ बोलणं आहे. मजकुराला कुठेही धक्का नाही. नियमातही हेच आहे, शिक्का कोऱ्या जागेवर मारावा."

संचालकबाईंनी नियमावली उघडून पाहिली. नियमात ते होतं.

"कोरी जागा?" ब्रशवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "पहिलं पुस्तक ते बोटीचं ना? त्यात आक्का दोनदा खोकतात, मग म्हणतात, 'बसलात? बसा. मीही बसते.' मग खुर्ची वाजते. ती डाव्या पायाने वाजते, पुढच्या सगळ्या पुस्तकांत तशीच. दुसरं, सासुरवाशिणीचं. त्यात खाली रस्त्यावर सायकलची घंटा होते, आक्का थांबतात, 'जाऊ दे त्याला' म्हणतात, आणि हसतात. आता तुम्ही म्हणाल, हसण्यात काय मजकूर. साहेब, मी सायकल पाहिलेली नाही. आक्का हसल्या म्हणून मला कळलं की ती कोणीतरी पोर हौसेने वाजवत चाललंय."

शिक्केसाहेबांनी यादीत ती दोन नावं शोधली.

"आणि तिसरं?" संचालकबाईंनी विचारलं.

"तिसऱ्यात त्यांचा आवाज बसलेला आहे. म्हणतात, 'आज सांभाळून घ्या. थांबा हं, भावाने कोमट पाणी आणलंय, तेवढं पिते, नाहीतर तो दारातून हलायचा नाही.' मग दोन घोट. मग पुस्तक."

दोनदाने ते कधी ऐकलं नव्हतं. तीस वर्षं त्याने आक्काच्या फायली मोजल्या, झाडल्या, कुलुपात ठेवल्या, धूळ लागू दिली नाही. बसून ऐकल्या नव्हत्या. ते पाणी नेल्याचंही तो विसरला होता. त्याने वायर टेबलावर ठेवली, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. काच एकच पुसत होता.

मग त्याने संचालकबाईंच्या टेबलावरचा फॉर्म पुढे ओढला.

"काय लिहिताय?" शिक्केसाहेबांनी विचारलं.

"नष्ट झालेल्या भागाची पुनर्नोंद. या ब्रशवाल्या बाई इथे मुद्रण खोलीत बसतील, आत्ता म्हणाल्या तसं म्हणतील, स्वतःच्या आवाजात. ते तीन आरंभ आक्काच्या तीन फायलींच्या पुढे लागतील."

"पण तो आक्कांचा आवाज नाही. त्याला सत्यप्रत म्हणता येणार नाही."

"म्हणू नका," दोनदा म्हणाला. "मी मागितलेलीच नाही. आणि यापुढे माझ्या यंत्रात कोणी काही तपासल्याचं कोणाच्या आवाजात आलं, तर मी वायर काढेन. तुम्ही लावा, मी काढेन. मला निवृत्त करा, मी बाहेरून येऊन काढेन."

"हा बेशिस्तपणा आहे."

"आहे. नोंदवहीत लिहून घ्या. पहारेकऱ्याचं अक्षर चांगलं आहे."

फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'मूळ प्रत कोठे ठेवली आहे?' दोनदाने तिथे ब्रशवाल्या बाईंचं नाव आणि घराचा पत्ता लिहिला आणि पुढे, 'तोंडपाठ.' संचालकबाईंनी ते वाचलं. शिक्केसाहेबांकडे पाहिलं, टेबलावरच्या वायरकडे पाहिलं, आणि सही केली. मग त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं: 'नक्कल फक्त इकडून तिकडे. तारीखवार प्रती ठेवाव्या.' मेहुणीने लगेच कामाला सुरुवात केली, कारण इस्पितळातून दोन तासांचीच सुट्टी घेतली होती.

शिक्केसाहेब शेवटपर्यंत म्हणत राहिले की नियम त्यांच्या बाजूने होता. होताच. पण निघताना ते दारात थांबले आणि ब्रशवाल्या बाईंना म्हणाले, "ती सायकलची घंटा मीही ऐकली होती. हसणं माझ्या लक्षात आलं नाही." बाई म्हणाल्या, "पुढची पुस्तकं आहेत ना. बसून ऐका."

तर मंडळी, आता आक्का तिथे दोन यंत्रांत आहे, रोजच्या तारखेसकट आहे, एक यंत्र गेलं तर दुसरं आहे. तिची काळजी मिटली. पण तीस वर्षांच्या त्या तीनशे बारा पुस्तकांचा प्रत्येक खोकला, प्रत्येक घोट, खुर्चीचा तो डावा पाय ज्यांच्या कानात आहे, त्या ब्रशवाल्या बाई एकच आहेत, आणि त्यांची नक्कल करायची वाट अजून कोणाला सापडलेली नाही. देवापुढे हात जोडाल तेव्हा तेवढी त्यांची आठवण असू द्या.